पाणबुडीतले वाळवलेले सेल

बाबा, आज दुकानातल्या रेडिओत पुन्हा तो आवाज आला. दोन स्टेशनांच्या मधे, भर दुपारी, कटर-कटर. तुमच्या पाणबुडीच्या मोटरीचा.

शेतातल्या पाइपाच्या तुकड्यातून तुम्ही ती हातभर लांबीची पाणबुडी केली होती. मोहाडीत रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला हे कसलं वेड, म्हणून आईनं कपाळाला हात लावला. मी मॅट्रिक होऊन दुकानात बसत होते. आतल्या तारा मीच जोडल्या. हातातल्या डब्याचं बटण दाबलं की पाणबुडीतला छोटा रेडिओ ऐकायचा आणि मोटर चालू-बंद करायचा. मोटर चालली की दुकानातला रेडिओ कटर-कटर करायचा. तुम्ही एकच बजावत होता, "मोटर खादाड हाय. तिचे सेल येगळे, रेडिओचे येगळे. एका ताटात बसवले तं रेडिओ उपाशी मरते." नवे सेल मोटरीला गेले. रेडिओला मिळाले ट्रान्झिस्टरमधले जुने, कौलांवर वाळवलेले. मी विचारलं, "जुने कायले?" तुम्ही म्हणालात, "त्याले लागते कितीसं? ऊन खाल्लं का सेल उठते."

पाणबुडी तलावात शिंगाड्याच्या वेलांखाली गेली आणि ते जुने सेल मेले. रेडिओच बहिरा झाल्यावर 'थांब' कोण ऐकणार? मोटर चालतच राहिली. तुम्ही कंबरभर पाण्यात उभे राहून अंधार पडेपर्यंत बटण दाबत होता. दुसऱ्या दिवशी ढिवरांनी जाळं फिरवलं, पण काही लागलं नाही.

त्याच पावसाळ्यात तुम्हाला ताप भरला. आईलाही ओळखत नव्हता, पण मला विचारत होता, "बाई, ते मोटर बंद झाली का? मले वाटते चालूच हाय." मी म्हटलं, "झाली बाबा." मग तुम्ही शांत झोपलात, ते उठलाच नाहीत.

तेव्हापासून दर उन्हाळ्यात तलाव आटतो, ऊन चिखलापर्यंत पोचतं आणि रेडिओ कटर-कटर करू लागतो. मी तो चिखल खणूनही पाहिला, काही सापडलं नाही. सेलांचं एव्हाना पीठ झालं असेल, हे मला कळतं. मुलगी तुमचीच आहे. पण ऊन खाल्लं की उठतात, हेही तुमचंच. आणि मोटर उठली असेल तर तो छोटा रेडिओही उठला असेल. आता बटण दाबलं तर तो ऐकेल.

डबा समोरच आहे. त्यात दर उन्हाळ्यात मी नवे सेल घालते. 'झाली बाबा' हे तुम्हाला सांगितलेलं खरं करायला एकदा दाबलं की पुरे. हे तुमच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून सांगते. मी दाबत नाही, बाबा. तो आवाज थांबला, तर दुकानात मी एकटीच उरेन.