दोन नंबरचं सॉकेट

१ सप्टेंबर, सोमवार
हातकणंगल्यातलं मोबाईल दुरुस्तीचं दुकान भावाच्या गळ्यात मारलं आणि सुटलो बाबा! आजपासून राजारामपुरीत, फिजिओथेरपीच्या दवाखान्यात नोकरी. डॉक्टर नृसिंह यांनी घरीच प्लायवूडचं गेमचं कपाट बनवलंय. पडद्यावर गाडी पळवता पळवता अधू हाताच्या पेशंटना व्यायाम. पण काहींना खेळाची दांडी धरवत नाही, त्यांच्यासाठी मोठी बटणं बाहेरून जोडायची सोय हवी. कपाटाला दोन सॉकेट बसवायची, एवढंच. चहा झकास मिळतो.

४ सप्टेंबर, गुरुवार
प्लायला भोकं पाडून सॉकेट बसवली. एक नंबरला मोठं बटण लावलं. दोन नंबर मोकळं, दुसऱ्या खेळाडूसाठी. दिवसभर वाकून पाठीचा भुगा. मीटर आणायला जिना कोण चढणार, म्हणून दोन नंबरवर सरळ अंगठा दाबून बघितला. आम्हा मेकॅनिक लोकांची खोडच ती. मुंग्या आल्या आणि पडद्यावर आलं, 'खेळाडू २ जोडला'. म्हटलं, चालतंय.
पहिल्या पेशंट रोशनबी. अर्धांगाच्या झटक्यानं उजवा हात लुळा पडल्यापासून शिलाई मशीन झाकून ठेवलेलं. मला म्हणाल्या, पावणं, ह्या डबड्यानं माझा हात हलणार हाय व्हय!

९ सप्टेंबर, मंगळवार
हलला की! रोशनबींची बोटं वळायला लागली. त्या रडल्या, मीही रडलो.
पडद्यावर ताकदीच्या दोन पट्ट्या दिसतात. त्यांची चढते, दोन नंबरची उतरते. दोन नंबरला तर कोणीच नाही. असेल काहीतरी भानगड, बघायचं त्राण नव्हतं. फार थकतोय हल्ली. जेवताना भाकरी मोडवेना.

१५ सप्टेंबर, सोमवार
त्या खेळत होत्या आणि माझ्या हातातून कप सुटला. त्या थांबल्या की दोन नंबरच्या पट्टीची आणि माझी घसरण थांबते, पण गेलेलं परत येत नाही. डॉक्टरांना म्हटलं, दोन नंबरवर माझाच अंगठा लागलाय, ते काढू या. ते म्हणाले, पेशंट बरे होताहेत, उगाच कशाला खाजवायचं, दोन दिवस सुट्टी घ्या.

१८ सप्टेंबर
सुट्टीत गावी होतो. काल दुपारी हातातला घास ताटात पडला. आज दवाखान्यात येऊन विचारलं. तेव्हा रोशनबी खेळतच होत्या.

२० सप्टेंबर
स्क्रूड्रायव्हर धरवत नाही. मीच आवळलेले स्क्रू. वीज बंद केली— दोन्ही पट्ट्या तशाच पेटलेल्या. हात सोडून माझ्याकडे दुसरं आहे काय? भीती वाटते.

२३
डावाही गेला. पेन दातात—
रोशनबींना सगळं सांगितलं. सॉकेटची वायर कापा म्हणालो. पुन्हा लुळा पडंल का हात, एवढंच विचारलं त्यांनी. मला माहीत नाही—

२४
मी सांगतोय, रोशनबी लिहितायत. शाळेचं तोंडही न पाहिलेली बाई. पण अक्षर माझं आहे. माझीच वेलांटी, माझाच 'ळ'.
त्यांची शिवणाची कात्री इथंच टेबलावर आहे. मी म्हणतोय, वही ठेवा, कात्री उचला. हेही लिहा. त्या लिहितायत. म्हणत्यात, कापते की पावणं, एवढी वळ हुं दे.
झाली ओळ. रोशनबी, मला आता मानही उचलवत—
म्हणत्यात, अजून एकच, किती ग्वाड वाटतंय लिवताना, एवढी एकच—