मान सरळ झाली की कृष्णातला मारणार

२ फेब्रुवारी १९९८
आज कृष्णातचा खून करणार होतो. मान वळेना म्हणून वाचला.
कळंबोलीत आमच्या ट्रान्सपोर्ट ऑफिसला लागूनच त्याचा गाळा. मुद्दाम आमच्या दारात ट्रक लावतो. समोर गेलो तर माझा हात उठेल, म्हणून फोनवरच झापतो. रिसीव्हर उजव्या खांद्यात दाबलेला, दोन्ही हात कॉम्प्युटरवर. तोंडानं शिव्या आणि बोटांनी मालाच्या बिल्ट्या, एकदम. ही कला अख्ख्या कळंबोलीत दुसऱ्या कुणाकडे नाही.

५ फेब्रुवारी
मॉनिटर लुकलुकत होता. एक कानफटात ठेवून दिली. तो सुधारला, पण माझ्या मानेतून कळ निघाली ती थेट बोटांपर्यंत. मुंग्याच मुंग्या. रक्त उसळतंय, दुसरं काय! साताऱ्याकडच्या पैलवानाचं रक्त आहे.
भागीरथी म्हणाली, अहो, परवा चहाचा कप हातातून पडला तेव्हापण रक्तच उसळलं होतं का? बायकोच्या तोंडी लागू नये.

७ फेब्रुवारी
भागीरथीने ओढत वाशीला फिजिओथेरपिस्टकडे नेलं. डॉक्टर झेबा. अंगानं काडी, आवाज फौजदाराचा. फोन खांद्यात धरणं बंद, मानेला झटका तर अजिबात नको म्हणाली. नाहीतर उजवा हात जाईल. मी म्हणालो, या हातानं जत्रेत भल्याभल्यांना लोळवलंय. मग जपा की त्याला, म्हणाली.
घरी करायला हनुवटीचा पट्टा दिला. दारावर कप्पी, दोरीला हलकं वजन.
संकल्प: आधी मान सरळ. मग कृष्णात.

८ फेब्रुवारी, सकाळी
हलकं वजन लेकराबाळांना. मी वरवंटा बांधला. डोळे बाहेर यायला लागले, म्हणजे गुण येत होता. तेवढ्यात दोरी तुटली. वरवंटा पायावर. अंगठा फुटला. भागीरथी धावत आली आणि आधी वरवंटा तपासला.

११ फेब्रुवारी
फोन हातात धरून शिव्या दिल्या. मजा नाही. शिवाय बिल्ट्या तुंबल्या, शेठ बोंबलला. दुपारपासून रिसीव्हर परत खांद्यात. डॉक्टरीणबाईंना ट्रान्सपोर्ट लाइनमधलं काय कळतंय?

१४ फेब्रुवारी
सितारामच्या सलूनमध्ये दाढी केली. दाढीनंतर तो सगळ्यांचीच मान मोडून देतो. पैलवान, मोडू का, म्हणाला. झेबा आठवली. पण चार ड्रायव्हर बघत होते. नको कसं म्हणणार? मोड म्हटलं.
कडाड्! काजवे चमकले. सिताराम म्हणाला, झाली मोकळी. मीपण म्हणालो, झाली.
आता मान कुठेच हलत नाही. ताठ मानेची माणसं अशीच दिसतात.

१७ फेब्रुवारी
ट्रक परत दारात! फोन केला. म्हटलं, बाहेर ये, तुझे दात तुझ्याच डिझेल टँकमध्ये टाकतो. आला. दोन्हीकडचे ड्रायव्हर जमले. डाव्या हातानं त्याची कॉलर धरली, उजवा उगारला. मूठ वळेना. हात त्याच्या गालावर नुसता जाऊन पडला. कुरवाळल्यासारखा.
सगळे हसले. कृष्णात नाही हसला. माझा हात गालावरून काढून त्यानं बोटं दाबली. पैलवान, हितं काय कळतंय का, म्हणाला. नाही म्हटलं. मला भीती वाटली. आखाड्यात कधी एवढी वाटली नव्हती.
ज्या ट्रकवरून भांडण, त्याच ट्रकात घालून त्यानं मला वाशीला नेलं. ड्रायव्हरला शिव्या देत, खड्डा आला की माझी मान धरत.

१८ फेब्रुवारी (डाव्या हातानं)
झेबा खूप ओरडली. हात येईल म्हणते, पण कधी ते सांगत नाही. मग कृष्णातकडे वळली. तुमची मान डावीकडे का कललीय, विचारलं. माझ्या शिव्या ऐकताना तोही रिसीव्हर खांद्यातच दाबतो. डाव्या.
दोघांनाही शेजारी शेजारी पट्टे बांधून ताणून ठेवलं. जबडे बांधलेले. त्यानं नजरेनं एक शिवी दिली. मीपण दिली, पण मान वळेना, त्यामुळे ती भिंतीला लागली.
संकल्प: आधी उजव्या हातात चहाचा कप धरायचा. कृष्णातचं नंतर बघू.