तिसऱ्या सर्व्हरचा पत्ता

४ फेब्रुवारी
सकाळपासून रक्तपेढीच्या काउंटरवरून अकरा फोन. "मॅडम, पुन्हा कनेक्ट होत नाही." अर्धं मिनिट स्क्रीनवर गोल फिरतं आणि संपर्क तुटतो. डेटाबेस सांभाळणं माझं काम, म्हणून शिव्याही मलाच. इथून तपासलं — तिन्ही सर्व्हर सुरू, माहिती तिन्हींवर सारखी. इथे सगळं झकास, तिथे बोंब. वीट आलाय.

५ फेब्रुवारी
वायरिंगचं काम बघणारे आमचे वायरकाका केबल बघायला गेले. हा माणूस डोळ्यांसमोर नको वाटतो. बोलता बोलता किल्लीने कान कोरतो, तीच किल्ली टेबलावर ठेवतो. तीन तास लावले. परत येऊन म्हणाले, "केबल ठीक आहे. तुझ्या बाजूचं बघ जरा."
माझ्या बाजूचं म्हणे! गेल्या महिन्यात तिसरा सर्व्हर खालच्या खोलीत यांनीच हलवला, तेव्हापासून ही कटकट. साहेबांना तसं स्पष्ट सांगितलं. काका शेजारीच उभे होते. किल्लीने कान कोरत होते.

६ फेब्रुवारी
साहेब दर तासाला — "रीस्टार्ट करून बघितलं का?" बघितलं. सहा वेळा.

७ फेब्रुवारी
आज एक बाई ऑपरेशनच्या टेबलावर, आणि तिच्या गटाचं रक्त कुठल्या फ्रिजमध्ये आहे ते काउंटरला दिसेना. शोधात एकेका फ्रिजसाठी नव्याने कनेक्ट व्हावं लागतं; मधे एकदा तुटलं की पुन्हा पहिल्यापासून. तिथल्या ताईंनी एकेक फ्रिज उघडून पिशव्या शोधल्या. वीस मिनिटं गेली. बाई वाचली. ताई फोनवर चिडल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "तुम्ही एकदा इथे येऊन उभ्या राहा."
संध्याकाळी साहेबांनी काकांना घरी बसवलं, चौकशी होईपर्यंत. काकांनी डबा आणि पक्कड पिशवीत घातली आणि निघाले. मला वाईट वाटलं नाही. खरं तेच लिहिते.

८ फेब्रुवारी
काउंटरवर जाऊन उभी राहिले. फिनाइलचा वास, चिकट कीबोर्ड, मागे रांगेतल्या लोकांचे श्वास मानेवर. तीस वेळा कनेक्ट करून बघितलं. दहा वेळा लटकलं. दर तिसऱ्यांदा!
मग उलगडलं. काउंटरचा संगणक आधी कुठल्याही एका सर्व्हरला विचारतो — तुम्ही तिघे कुठे कुठे आहात? त्याला तीन पत्ते मिळतात, त्यांवर तो आळीपाळीने जातो. खोली बदलली तेव्हा तिसऱ्याचा पत्ताही बदलला, पण ही यादी ज्या सेटिंगच्या फाइलमधून येते तिच्यात जुनाच राहिला. संगणक बिचारा रिकाम्या घराची कडी वाजवत बसतो. सर्व्हर आपसात वेगळ्या वायरीने बोलतात, म्हणून त्यांचं काही अडलं नाही. आणि मी ऑफिसातून थेट एकेका सर्व्हरवर जात होते. यादी विचारायची वेळच आली नाही.
एक ओळ बदलली. नंतर साठ वेळा बघितलं, एकदाही अडकलं नाही.
"एवढंच होतं?" ताई म्हणाल्या.
एवढंच. पाच दिवसांची शोधाशोध, आणि टेबलावरची ती बाई.

९ फेब्रुवारी
साहेब खूश. "म्हणजे काकांकडून पत्ता बदलायचा राहिला."
म्हटलं, ती फाइल काकांच्या हातात नसते. आमच्या टेबलावरच्या चौघांपैकी कुणाचं तरी काम ते.
"असू दे. अहवालात त्यांचंच नाव ठेव. चार महिन्यांत निवृत्त होताहेत, त्यांना काय फरक पडतो?"
किळस आली. तरी मान डोलावून बाहेर आले. त्याची जास्त किळस आली. हलवाहलवीच्या दिवशी कामांची छापील यादी होती, प्रत्येक कामापुढे करणाऱ्याची सही. तो कागद शोधायला हवा.

१० फेब्रुवारी
कागद रेकॉर्डला नाही. हलवाहलव काकांनी केली होती, म्हणून त्यांच्या घरी गेले. त्यांनी खिशातून काढून दिला. 'नवा पत्ता फाइलमध्ये टाकला, तपासला' — पुढे बरोबरची खूण. सही माझी.
म्हटलं, साहेबांसमोर का नाही दाखवलात?
"दाखवणार होतो. तू इतकं ठासून बोलत होतीस — म्हटलं, हिला स्वतःला कधी आठवतंय ते बघू."
आठवलं नव्हतं. आत्ताही आठवत नाही.
अहवालात काकांच्या जागी माझं नाव घातलं आणि दिला. साहेब वाचेपर्यंत समोर उभी राहिले.