एका शब्दाचा दम

सापगाव,
गुरुवार, ११ डिसेंबर

प्रिय रंजना,

तू आणि घरचे सगळे बरे असाल. आमची भाताची झोडणी आटोपली, वालही उगवून आलाय. आई रोज विचारते, "रंजी का येत नाय गो?" कामं असतील तिला, असं मी सांगते. तुझ्या पाड्यावर यायला पाच मिनिटं लागत नाहीत, तरी पत्र लिहितेय याचं तुला नवल वाटेल.

सध्या मी तानसा तलावाच्या बाजूला एकटीच सायकल घेऊन जाते. पाय नीट पडत नाहीत. आधी उगीच भराभर फिरतात, मग चढ आला की नुसते जड दाबत बसतात. तू सोबत असलीस की असं होत नसे.

मला अक्षरं आईनेच शिकवली आणि पायांची चालही तिचीच. आवणीला, भाताची रोपं लावताना, तूही आमच्या वावरात होतीस, तेव्हाचं तिचं बोलणं आठवतं ना? बोलता बोलता हात चालला पाहिजे. बोलणं तुटलं की हात जड झाला समजायचं, आणि मग शेजारणीने पुढे व्हायचं. आपण तेच सायकलवर आणलं. पूर्ण वाक्य बोलता आलं तर दम आहे, एकच शब्द निघाला तर संपला.

सायकल शर्यतीच्या दिवशी किन्हवलीपर्यंत तू पुढे राहून समोरचा वारा अंगावर घेतलास, मी तुझ्या आडोशाला मागे होते. तिथून मुरबाडपर्यंत पुढे राहायची पाळी माझी होती. तू मागे वळून विचारलंस, "सरे, दम हाय का गो?"

मी म्हटलं, "नाय."

तू ते खरं मानलंस. मान खाली घालून तशीच पुढे राहिलीस. मुरबाडच्या वेशीपाशी तुझे पाय जड पडायला लागलेले मला मागून दिसत होते, आणि मी बाजूने निघून पहिली आले. नंतर पाण्याची बाटली माझ्या हातात देत तू म्हणालीस, "तुजा दम परत आला, बरा झाला."

तो परत आला नव्हता, रंजू. गेलाच नव्हता.

सायकलच्या शिबिराला तालुक्यातून एकच मुलगी, शर्यतीत पहिली येणारी, जाणार हे मला ठाऊक होतं. तुलाही ठाऊक होतं, तरी तू पुढे राहिलीस.

काल शर्यत घेणाऱ्या महिपत सरांना सगळं सांगितलं. ते हसले. मागे राहणं नियमात बसतं, म्हणाले. त्यांच्या नियमात बसतं, आपल्या दोघींच्या नाही, एवढंच मी बोलू शकले. नाव सोमवारी पाठवायचं आहे. रविवारी सकाळी दोघी या, पुन्हा सायकल पळवा, जी पुढे येईल तिचं नाव देतो, असं त्यांनी कबूल केलंय.

हे तोंडाने सांगायला आले असते, तर तुझ्यासमोर पुन्हा एकच शब्द निघाला असता. म्हणून हा कागद तुझ्या दारात ठेवून जाईन.

तुला यायचं नसेल तर येऊ नकोस. मी सरांना तुझंच नाव द्यायला सांगेन. पण आलीस, तर किन्हवलीला वळून मला एकदा विचार. मी पूर्ण वाक्यात उत्तर देईन आणि वारा घ्यायला पुढे होईन.

तुझ्या आडोशाने पुढे गेलेली,
सरिता