होकाराच्या बाजूला

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, की तुझ्या आवाजापेक्षा आता तुझं गप्प बसणंच जास्त आठवतं. बोलायला तू कधी घाबरली नाहीस. बेचाळीसला तुरुंगात जाऊन आलेली विधवा शाळामास्तरीण, आणि पुढे आमच्या खाडीकाठच्या लोकांनी दिल्लीला पाठवलेली खासदार. प्रचाराला तू पायीच फिरलीस. मिठागरांच्या बांधांवरून, चिखलातून, हातात चपला घेऊन. लोक तुला बाय म्हणायचे. निवडून आलीस त्या दिवशी आपल्या अंगणात उभं राहायला जागा नव्हती, आणि सगळ्यांचं मागणं एकच होतं. खाडीचा बांध. जुना मातीचा बांध दर उधाणाला कुठेतरी फुटायचा, खारं पाणी भातात शिरायचं, आणि एकदा शिरलं की ती जमीन कित्येक वर्षं हिरवी व्हायची नाही. खालचा पाडा तर असा वसलेला, की मोठं उधाण रात्रीचं आलं असतं तर माणसं अंथरुणातच बुडाली असती. हे सगळ्यांना ठाऊक होतं.

दिवाळीच्या सुट्टीत एकदा तू मला दिल्लीला नेलंस. वरच्या गॅलरीत बसून मी तुला शोधते आहे. खाली बाकांच्या रांगा, पांढरे कपडे, टोप्या, आणि त्यात एका कडेला तू, केवढीशी दिसतेस. तू उठून बांधाबद्दल विचारलंस. समोरच्या मंत्र्यांनी मान वर न करता सांगितलं, विचार चालू आहे. तू बसलीस. संध्याकाळी तू मला बाजारात नेऊन लोकरीचा जाड स्वेटर घेऊन दिलास. आपल्याकडे भर पौषातही माणूस घामाने निथळतो, मी हसले, तर म्हणालीस, "असू दे. काहीतरी घेऊन गेलं पाहिजे ना इथून." तेव्हा ते मला गमतीचं वाटलं होतं.

मग मुंबईत संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसं रस्त्यावर आली आणि गोळीबार झाला. आपल्याला रोज मासळी द्यायला येणाऱ्या मावशीचा थोरला गिरणीत होता. पाळी सुटून घरी निघालेला, चौकात गोळी लागून गेला. तिने टोपली आपल्या पडवीत ठेवली होती, आणि तिथेच तिला निरोप कळला. तू तिला धरून बसलीस. दोघींच्या अंगाला मासळीचं पाणी. पुढच्या आठवड्यात बंदरावर सभा झाली. तुझा पक्ष दिल्लीत मुंबई महाराष्ट्राला न देण्याचं ठरवतोय, याच्या बातम्या येतच होत्या. मावशी पुढे येऊन म्हणाली, "बाय, माजा पोर त्यांनी मारला. तू त्यांच्यातच बसतंस. उद्या हात वर करशील काय?" तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "या हातानं ते व्हायचं न्हाय. त्या आधी राजीनामा देईन." लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. नुसते बघत राहिले. त्या बघण्याची मला तेव्हा भीती वाटली होती.

पावसाळ्यात लोकसभेत मतदान झालं. महाराष्ट्र वेगळा न देता मुंबईसकट मराठी-गुजराती असं मोठं द्वैभाषिक राज्य करायचं ठरलं, आणि तुझं मत होकाराच्या बाजूला पडलं. पेपर गावात दुपारी पोचला. वाचून दाखवणारा तुझ्या नावाशी थांबला, मग पुन्हा एकदा वाचला. मी मॅट्रिक होऊन घरीच होते. त्या संध्याकाळी कुणी आपल्या दाराकडे फिरकलं नाही. सकाळी दाराला डांबर फासलेलं होतं. त्यानंतर आपला कुत्रा विहिरीपाशी ताठ होऊन पडलेला सापडला, तोंडाला फेस. मी एकटीनेच त्याला पुरलं. शेजारची पोरं कुंपणाच्या पलीकडून बघत होती, आणि त्यांच्या आयांनी त्यांना आत बोलावलंही नाही.

गणपतीच्या तोंडावर तू आलीस. पेणपर्यंत एसटी, पुढे खाडी ओलांडायला तरीची होडी. तरीवाल्याने तुला होडीत घेतलं, पण उतरताना रोज सगळ्यांना देतो तो हात दिला नाही. गुडघाभर पाण्यातून तू ट्रंक डोक्यावर घेऊन आलीस. आपल्याकडे गणपती बसला, आरतीला आपण दोघीच. एरवी दर्शनाला येणाऱ्यांच्या पायांनी अंगण चिखल व्हायचं, त्या वर्षी तिथे शेवाळ धरलं. बाहेरून टाळांचा आवाज जवळ येई, आपल्या फाटकाशी बंद पडे, पुढच्या घराशी पुन्हा सुरू होई. तू मोदकाची पारी वळत होतीस. मी विचारलं, "का केलंस?" तू हातातला मोदक मिटून ताटात ठेवलास. मग म्हणालीस, "बांध मंजूर होतोय. पक्का, दगडी. मी राजीनामा देऊन बाहेर पडले असते तर तो कागद तिथेच राहिला असता. मला तसं स्पष्ट सांगितलं."

मी तशीच उठले. ओरडले, की हे आत्ताच्या आत्ता सगळ्यांना सांग, नाहीतर मी सांगते. तेव्हा तू माझं मनगट धरलंस, पिठाच्या हाताने, दुखेल इतकं. "खबरदार. पोराच्या जिवावर बांध मिळाला असं मावशीला कळलं, तर ती त्या बांधावर पाऊल ठेवेल? खालच्या पाड्यात राहते ती. मला शिव्या देऊन जगू दे तिला. आणि माझ्यासाठी कुणाशी भांडायचं नाही." तू मला कधी मारलं नाहीस, पण तो दरडावणीचा आवाज मारापेक्षा वाईट होता.

विसर्जनानंतर तू बंदरावर गेलीस. मी नको म्हणत होते. पुरुष जाळी विणत बसलेले, कुणी मान वर केली नाही. तू म्हणालीस, "शब्द मोडला मी. काय बोलायचं ते तोंडावर बोला." जाळ्यांतल्या सुया चालतच राहिल्या. आभाळ खाली आलेलं, वारा पडलेला. मग माणसांच्या मागून दगड आला आणि तुझ्या भुवईवर लागला. फेकणारा कोण ते मी पाहिलं, तूही पाहिलंस. मावशीचा धाकटा. मावशी त्याच्या शेजारीच उभी होती. ती तुला म्हणाली, "तुजं त्वांड बगायचं न्हाय मला," आणि टोपली उचलून निघून गेली. फौजदार विचारायला आला, तेव्हा तू सांगितलंस, शेवाळावर घसरले.

पुढच्या निवडणुकीत तू पडलीस. बांध झाला, उद्घाटनाला नवीन खासदार आले, तुला बोलावणं नव्हतं. पुढच्याच पावसात असं उधाण आलं, की समुद्राचा आवाज घरातल्या भांड्यांत ऐकू येत होता. पहाटे तू आणि मी टेकाडावर जाऊन पाहिलं. पाणी बांधाच्या माथ्याशी टेकलेलं, काळं, फुगलेलं, आणि पलीकडे खालचा पाडा चुली पेटवत होता. राज्य मिळालं तेव्हा गावात मिरवणूक निघाली, तू खिडकी लावून घेतलीस. नंतर काही वर्षांनी तू गेलीस. पक्षाची तार आली. खांदा द्यायला मामा आणि शाळेतले जुने मास्तर, बाकी माणसं आम्हाला पेणहून आणावी लागली. मावशी तिच्या दारात उभी राहून बघत होती. आली नाही. मी तुझा शब्द पाळला, बांधाचं कुणाला सांगितलं नाही. मावशीही तुला शिव्या देत देत म्हातारी होऊन, स्वतःच्या घरात, कोरड्या अंथरुणावर गेली.

हे पत्र मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुला पाठवायची सोय नाही. पण एक गोष्ट तुझ्यापाशी कधी बोलले नाही, ती लिहून ठेवते. तुझ्या जागी मी असते तर राजीनामा दिला असता, आणि खालचा पाडा बुडाला असता. हे मला पक्कं माहीत आहे. तरीही, आई, मी राजीनामाच दिला असता.