पाठ देणाऱ्याची पाठ

ती. भावोजींना,

साष्टांग नमस्कार. (आठपैकी पाचच अंगं सध्या माझ्या ताब्यात आहेत, उरलेल्या तिन्हींचा नमस्कार मागाहून पोचेल.) तुमचं ब्लडप्रेशर आटोक्यात असेल, ताईचा गुडघा कुरकुरत नसेल आणि तुम्ही दोघं एकमेकांचं ऐकत नसलात तरी डॉक्टरांचं ऐकत असाल, अशी आशा करतो. इकडे मी सोडून सगळे ठीक. हे पत्र उभ्याने, फ्रिजवर कागद ठेवून लिहितोय. घरातल्यांना थंड पाणी नेमकं आत्ताच का लागतं कोण जाणे, पण दार उघडलं की ओळ तिरकी जाते. अक्षराला हसू नये.

परवा फोनवर तुम्ही विचारलंत की झालं काय, तेव्हा "काही नाही, जरा पाठ धरलीय" म्हणून मी वेळ मारून नेली. त्याचं कारण, आमची ही शेजारी उभी होती आणि तिच्यादेखत तो प्रसंग पुन्हा सांगायची माझी छाती नव्हती. ती अजूनही पोळ्या लाटताना मध्येच थांबून हसते. म्हणून सविस्तर लिहितो.

आमचं फरश्यांचं गोदाम तुम्ही पाहिलंयत. एकेक खोकं म्हणजे हत्तीचं पिल्लू. हमाल मंडळी ती वर्षानुवर्षं कमरेतून वाकून उचलत आली आणि अधूनमधून कुणी ना कुणी कंबर धरून घरी बसत आला. मुख्य कचेरीला उशिरा का होईना जाग आली आणि हुकूम निघाला, की प्रत्येक गोदामातून एकाने प्रशिक्षण घ्यावं आणि बाकीच्यांना वजन उचलायची शास्त्रशुद्ध पद्धत शिकवावी. आमच्या साहेबांनी (त्यांच्या माघारी त्यांना 'आटपा' म्हणतात, कारण सकाळपासून संध्याकाळपर्यंत ते तेवढंच बोलतात) माझं नाव कळवलं. मला वाटलं, माझी हुशारी. पुढे समजलं, की इतकी वर्षं गोदामात काढून ज्याने एकही खोकं उचललेलं नाही असा मी एकटाच, त्यामुळे मी नसलो तरी कुणाचं काही अडणार नव्हतं.

पण भावोजी, प्रशिक्षणाने मी पार भारावून गेलो. आधी वजनाचा अंदाज घ्या, वाट मोकळी आहे का पाहा, पायांत खांद्यांइतकं अंतर ठेवा, गुडघे वाकवा, पाठ ताठ, माल पोटाशी, आणि वळायचं तर पावलांनी वळा, कमरेला पीळ देऊ नका. घरी आल्या आल्या हिने दारातली चप्पल आत घ्यायला सांगितली, तर तीही मी गुडघे वाकवून, पोटाशी धरून आणली. मग ओट्याची उंची आणि हिचं कोपर यांचा मेळ बसत नाही हे तिला दाखवलं. (ओटा तुमच्याच पसंतीचा, असं उत्तर मिळालं.) लेकीच्या कॉम्प्युटरचा पडदा डोळ्यांच्या पातळीला यावा म्हणून त्याखाली शब्दकोशाचे खंड रचले; आता तिला शब्द अडला की कॉम्प्युटर खाली उतरवावा लागतो. थोड्याच दिवसांत घरातलं कुणी माझ्यासमोर वाकेनासं झालं. काही पडलं तर मी बाहेर जाईपर्यंत ते तसंच पडून राहायचं.

गोदामात डाळ शिजेना. हमालांचा म्होरक्या पैलवान, ज्याचे दंड बघून खोकीच अर्धी वर येतात, त्याने सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, की गुडघे दिवसभर वाकवले तर गुडघ्यांचं काय. मी म्हटलं, ते पुढच्या धड्यात. (पुढचा धडा नव्हता.) साहेबांकडे नव्या हातगाड्या मागितल्या, कारण आमच्या एकुलत्या एका गाडीचं चाक असं केकाटतं की रस्त्यावरची कुत्री उत्तर देतात. साहेब म्हणाले, "माणसं धडधाकट असताना गाड्या कशाला हव्यात? आटपा."

मग प्रात्यक्षिकाचा दिवस आला. मुख्य कचेरीला फोटो पाठवायचा म्हणून साहेब जातीने हजर. मी फळ्यावर पाठीचा कणा काढला (तो पडवळासारखा दिसत होता, पण समजून घेण्यासारखा होता), सगळे नियम सांगितले आणि भरलेलं खोकं नियमानुसार उचलून नियमानुसार खाली ठेवलं. टाळ्या पडल्या. त्या टाळ्यांनी माझा घात केला. हातातला खडू खाली पडला आणि मी, काही विचार न करता, कमरेतून वाकून तो उचलायला गेलो.

'कट' असा आवाज झाला. मी काटकोनात अडकलो. वर येता येईना, खाली जाता येईना. सगळ्यांना वाटलं, हाही धड्याचाच भाग. पैलवान मागच्यांना म्हणाला, "नीट बघून घ्या, असं करायचं नाही," आणि पुन्हा टाळ्या पडल्या. मी 'धरा, धरा' म्हणत होतो, ते टाळ्यांत बुडालं. साहेबांनी फोटो काढला. तोच कचेरीला गेला.

खरा प्रकार ध्यानात आल्यावर मंडळींनी मला उचलायचं ठरवलं, आणि मी शिकवलेलं इतकं मुरलं असेल याची मला कल्पना नव्हती. एकाने माझ्या वजनाचा अंदाज घेतला. दुसरा वाट मोकळी आहे का ते पाहायला पार फाटकापर्यंत जाऊन आला. तिसऱ्याने शंका काढली, की या मालाला धरायला कडी नाही आणि वजन सगळं पुढच्या बाजूला आहे. मी आपला पोटाशी डोकं घेऊन ऐकतोय. शेवटी साहेबांचा धीर सुटला. "आटपा," म्हणत ते पुढे झाले, गुडघे ताठ, कंबर वाकडी, माझे पाय धरले आणि एका झटक्यात वळले.

दुसरा 'कट' माझा नव्हता.

आम्हा दोघांना त्याच केकाटणाऱ्या हातगाडीवरून, कुत्र्यांच्या साथीत, कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नेण्यात आलं. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, काय उचलत होतात. मी म्हटलं, खडू. "आणि हे?" साहेब भिंतीकडे बघत म्हणाले, "ह्यांना." बाई जरा वेळ खिडकीपाशी जाऊन उभ्या राहिल्या.

आता यापुढचं हसण्यावारी नेऊ नका. दुसऱ्या संध्याकाळी पैलवान घरी आला. चहा घेतला. मग सदरा वर करून त्याने दाखवलं: कमरेला बायकोच्या जुन्या लुगड्याची पट्टी, करकचून आवळलेली. रोज पहाटे तीच बांधून देते, म्हणाला. सांगितलं तर फाटकावर राखणीला बसवतील आणि म्होरकेपण जाईल, ही भीती. "मास्तर," तो म्हणाला, "तुम्हाला खडूनं आडवं केलं. मी तर खोकी उचलतो. मला ते पहिल्यापासून परत सांगा. तिथं चारचौघांत नको, इथं."

मी पडल्या पडल्या सांगत गेलो आणि तो आमच्या बाहेरच्या खोलीत पिठाचा डबा उचलत-ठेवत राहिला. हिने त्याचे पाय नीट मांडून दिले. (मला वाटतं, ती माझ्यापेक्षा चांगलं शिकवते. हे तिला कळवू नये.) दोन दिवसांनी तो डॉक्टरीणबाईंकडेही गेला, आणि आता तो गुडघे वाकवतो म्हणून सगळं गोदाम वाकवतं. नव्या हातगाड्याही आल्या. साहेबांनी पाठीशी उशी घेऊन, हूं की चूं न करता सही केली. पैलवान म्होरक्याच आहे, फक्त आता तो गाडी ढकलतो आणि ओरडतो इतरांवर.

ताईला माझा नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
सध्या काटकोनातून बराच सरळ झालेला मेहुणा

ता. क. तुमचं घर बदलणं रविवारी आहे असं ताईकडून कळलं. माझी अवस्था वर वाचलीतच. लोखंडी कपाटाला हात लावायला मी नाही याचं फार वाईट वाटतं. पण नवं घर तळमजल्यावरच आहे असं ही म्हणते, तेव्हा चार माणसं बोलावलीत की काम चुटकीसरशी होईल. हवं तर पद्धत मी फोनवर सांगेन.

ता. क. २. भावोजी, पाकीट चिकटवायला माझ्याकडे आलं म्हणून लिहिते. हे पूर्ण बरे आहेत. काल मॅच चालू असताना रिमोट दिवाणाखाली गेला, तर ह्यांनी एकट्याने दिवाण उचलून भिंतीला लावला. गुडघे, पाठ, श्वास, सगळं अगदी बरोबर होतं. रविवारी टेंपो आधी आमच्या दारात पाठवा, मी ह्यांना घेऊन बसते. तुमचं नवं घर चौथ्या मजल्यावर आहे आणि लिफ्ट बंद आहे, हे मी ह्यांना सांगितलेलं नाही. ताईंनाही म्हणावं, कपाट टेंपोतून उतरेपर्यंत बोलू नका.