पिकअपचे मागचे पाटे

अप्पा, आपल्या पिकअपबद्दल लिहितोय. तुम्ही म्हणाल, इतक्या वर्षांनी दुसरं काही सुचलं नाही काय. नाही सुचलं. आईबद्दल लिहायला बसलो की ती पिकअपच आडवी येते. हुबळीच्या नवनगरात घरामागून घरं उठत होती, जो तो आपल्या दुकानात शहाबादी फरशी मागत होता, आणि तुम्ही हौसेनं ट्रेलर घेऊन आलात. फरशी भरलेला ट्रेलर मागं जोडला की पिकअपची शेपटी खाली बसायची, तोंड वर व्हायचं आणि स्टिअरिंग हातात हलकं लागायचं. मग एका रविवारी आपल्या अंगणातच तुम्ही गाडी जॅकवर चढवलीत. मागच्या चाकांवरचा भार झेलणारे ते धनुष्यासारखे वाकलेले लोखंडी पाटे सोडवायचे, त्यांत जुन्या लॉरीचे जाड पाटे घालायचे आणि पुन्हा आवळायचे, असा बेत होता. गंजलेले बोल्ट हलेनात म्हणून तुम्ही स्वयंपाकघरातून रॉकेलचा डबा उचललात, आणि आई हातातलं लाटणं न ठेवताच बाहेर आली. "अहो, ते स्टोव्हचं हाय! गाडीला पाजून रात्री भाकरी कशावर करू?" तुम्ही गाडीखालूनच म्हणालात, "एक दिवस अवलक्की खाऊ की." त्या रात्री आपण खरंच पोहे खाल्ले.

एक जादा पाटा पुरला असता. पण तुम्ही जातीचे दुकानदार; काम एकदाच करायचं आणि दणकून करायचं, हा तुमचा नेम. दोन्ही बाजूंना तीन-तीन घातलेत. शेजारचा गॅरेजवाला कौतुकानं येऊन टेकला, वरून दाबून बघितलं, म्हणाला, "सावकार्रे, भाळ गट्टि आतु! लई घट्ट झाली!" तुम्ही हात पुसत म्हणालात, "आता हत्ती बसला तरी दबायची नाही." आणि नाहीच दबली. भरलेला ट्रेलर ओढताना गाडी ताठ चालायची, तुमची मानही तशीच. रिकामी मात्र अशी उधळायची की आई म्हणायची, "बाजारला चालत जाते, हाडं जाग्यावर राहतील." आपण सगळे हसायचो. मला ते हसणं नको तेव्हा आठवतं.

दोन वर्षांनी आईच्या हाडांतच दुखणं उतरलं. पाठीच्या मणक्यात. बसवत नव्हतं, कूस बदलता येत नव्हती, आणि नवनगरच्या दवाखान्यात किरणांचा शेक द्यायला न्यायचं म्हणजे आडवं झोपवूनच नेणं भाग होतं. टॅक्सीच्या सीटवर पाय लांब होईनात. राहिली आपली पिकअप. पहिल्या दिवशी गादी घालून नेलं. गल्ली संपायच्या आत आईच्या तोंडून जो आवाज निघाला, त्यावर तुम्ही गाडी थांबवलीत, मागं आलात आणि फळीला धरून नुसते उभे राहिलात. दुसऱ्या दिवशी तुम्ही पाना घेऊन अंगणात गाडीशी बसलात, तर आतून आई ओरडली, "पाटे काढू नका! ट्रेलर थांबला तर दुकान थांबंल. मग औषध कशानं आणणार?" तुम्ही पाना तिथंच ठेवून दुकानात गेलात आणि संध्याकाळी फरशा घेऊन आलात.

तेव्हा मला कळेना हे काय चाललंय. मग उमगलं. गाडी भारानंच मऊ होते, म्हणून तुम्ही तिला भार देत होतात. पिकअपच्या मागं पोती अंथरून फरशा रचल्या, एकीवर एक, मधे सुतळीचे तुकडे घालून, खडखडू नयेत म्हणून. अख्ख्या हुबळीच्या घरांत फरशी पुरवणाऱ्या माणसानं गाडीत फरशी घातली. वर दोन गाद्या. आई बघून म्हणाली, "आता भिंती तेवढ्या बांधा, मी इथंच संसार करते." तुम्ही हसलात. बऱ्याच दिवसांनी हसलात.

मी मागं आईजवळ बसायचो. तुम्ही बैलगाडीच्या चालीनं चालवायचात, मागून बसवाले हॉर्न मारून मारून शिव्या देत जायचे. दर थोड्या वेळानं केबिनच्या खिडकीतून तुमचा आवाज यायचा, "लागलं काय गं?" आणि आई म्हणायची, "काय नाही हो. पाळण्यात झोपल्यासारखं वाटतंय." तेव्हा तिनं माझं मनगट धरलेलं असायचं, आणि तिची नखं माझ्या कातडीत रुतलेली असायची. अप्पा, फरक पडत होता, पण थोडाच. ते पाटे ट्रेलरसाठी घातलेले. तेवढ्या फरशीनं ते कितीसे वाकणार? आणखी फरशी टाकली तर गादी इतकी उंच जायची की आईला वर चढवता येईना. ती मला हळूच म्हणायची, "त्यांना सांगू नकोस रे. एवढं एकच त्यांच्या हातात हाय." मी शर्टाची बाही खाली ओढून घ्यायचो. तुम्ही चालवत होतात, ती सोसत होती, मी बघत होतो. तिघांनाही दुसरं काही करता येत नव्हतं.

आई गेली. फरशा गाडीतच राहिल्या. ना तुम्ही उतरवल्यात, ना मी. महिना-दीड महिना झाल्यावर एका सकाळी तुम्ही माळ्यावरून त्या दोन गाद्या काढल्यात, मागं घातल्यात, किल्ली माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "चालव. दवाखान्यापर्यंत. मी झोपून येतो." मी म्हटलं, "अप्पा, कशाला?" तुम्ही म्हणालात, "एकदा बघू दे." एवढं बोलून आडवे झालात, हात पोटावर, डोळे उघडे. तिला किती लागत होतं हे तुम्हाला कळलं असतं तर पुढं जगला असतात ते कशाच्या जोरावर? मी पहिला गिअर टाकला. आरशात फक्त तुमचे पाय दिसत होते. अर्ध्या-पाऊण तासानं घराशी आलो, तुम्ही उठून बसलात, धोतर झटकलंत आणि म्हणालात, "बरं होतं की रे. सुम्मने, उगंच जिवाला लावून घेतलं मी." दुसऱ्या दिवशी फरशा उतरवल्यात आणि दुकानात गेलात. त्यानंतर अकरा वर्षं तुम्ही जगलात, आणि तो विषय आपल्यात कधी निघाला नाही.

ही चिठ्ठी कुठं पाठवायची नाही, म्हणून लिहितो. त्या दिवशी मी तुम्हाला दवाखान्याच्या खड्ड्यांच्या रस्त्यानं नेलंच नाही, अप्पा. चौकातून डावीकडं वळलो, नुकतंच डांबर पडलेल्या रस्त्यानं गेलो आणि त्याच रस्त्यानं परत आलो. उताणं झोपून आभाळ बघणाऱ्या माणसाला वळण कळतं की नाही, हे मी तुम्हाला विचारू शकलो नाही.